बाउहाउसचं 'बेला लुगोसीज डेड': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं काय आहे?

बाउहाउस या इंग्लिश बँडचं पहिलं सिंगल. ६ ऑगस्ट १९७९ रोजी स्मॉल वंडर रेकॉर्ड्सने ते बारा इंची तबकडीवर काढलं. लांबी साडेनऊ मिनिटांच्या थोडी वर. बँड नॉर्थॅम्पटनचा: गायक पीटर मर्फी, गिटारवर डॅनियल अ‍ॅश, बासवर डेव्हिड जे आणि ड्रम्सवर त्याचा भाऊ केविन हॅस्किन्स. १९७८ च्या अखेरीस बँड जमला तेव्हा नाव 'बाउहाउस १९१९' होतं. जर्मनीतल्या वायमारच्या ज्या कलाशाळेवरून ते घेतलं, तिच्या स्थापनेचं ते साल. पुढे आकडा गळाला.

बेला लुगोसी कोण?

१९३१ च्या हॉलिवूडच्या 'ड्रॅक्युला'मधला काउंट. जन्म १८८२, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या आणि आजच्या रुमानियातल्या लुगोज गावी. मृत्यू १६ ऑगस्ट १९५६, लॉस एंजेलिस. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. गाणं आलं तेव्हा त्याला जाऊन तेवीस वर्षं होत आली होती, त्यामुळे शीर्षक बातमी देत नाही, थट्टा करतं. भयपटांवर चाललेल्या गप्पांमधून विषय निघाला आणि शब्द डेव्हिड जेने लिहिले. मर्फी ते इतक्या गंभीर चेहऱ्याने गातो की थट्टा अनेकांच्या लक्षातच येत नाही.

रेकॉर्डिंग कुठे आणि कसं झालं?

वेलिंगबरो या छोट्या गावातल्या बेक स्टुडिओत, २६ जानेवारी १९७९ रोजी. ध्वनिमुद्रक डेरेक टॉम्पकिन्स. सहा तासांच्या सत्रात पाच गाणी झाली आणि त्यातलं हे एक सगळ्यांनी एकत्र, एकाच टेकमध्ये वाजवलं. बँड जमून तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते.

एकाच टेकची गोष्ट कौतुकासाठी सांगितली जाते. खरं तर ती समजून घ्यायची गोष्ट आहे. तुकडे जोडून केलेल्या गाण्यात इको कुठे वाढवायचा, कुठे तोडायचा हे नंतर शांतपणे ठरवता येतं. इथे चौघं एकमेकांच्या प्रतिध्वनीला उत्तर देत वाजवतात. इको आला की कोणीतरी हात आवरतो, विरला की पुढचा स्वर टाकतो.

याला 'प्रायोगिक' का म्हणायचं? साधंच तर वाटतं.

साधं आहेच, म्हणून तर प्रश्न पडतो. बासची एक उतरती ओळ आणि ड्रम्सचा एक ठेका जवळजवळ पूर्ण वेळ तसेच चालू राहतात. आवाज यायला सुमारे तीन मिनिटं लागतात. रेडिओवरची तेव्हाची बरीच गाणी तेवढ्यात संपायची. गिटार सुरावट धरत नाही. ती खरवडते, किंचाळते, मध्येच गप्प बसते.

प्रयोग आहे तो कामाच्या वाटपात. रॉकमध्ये गिटार पुढे आणि ताल मागे असतो. इथे बास गाणं ओढतो, आणि ड्रम्स व गिटार यांच्या प्रतिध्वनींनी जागा भरते. ही पद्धत जमैकातल्या डबची. किंग टबी, ली पेरी अशा ध्वनिमुद्रकांनी सत्तरच्या दशकात मिक्सिंग डेस्कलाच वाद्य करून टाकलं होतं: गाणं चालू असताना एकेक चॅनल बंद करायचा, एखादा शब्द किंवा स्नेअर ड्रमचा एक फटका इकोत ढकलायचा, बाकी बास आणि ड्रम्स. इंग्लंडमध्ये पंकच्या क्लबांत रेगे (डब हे त्याचंच रूप) वाजायचंच, कारण पंकच्या तबकड्या सुरुवातीला फारशा नव्हत्या. तिथून हे कान तयार झाले.

आमचं मत विचाराल तर 'बेला' हे आधी डब रेकॉर्ड आहे, गॉथ (भयकथांच्या सरंजामाची अंधारी रॉक-शाखा) वगैरे नंतर.

पण याला पहिलं गॉथ गाणं म्हणतात ना?

म्हणतात. वटवाघळं, घंटाघर, मखमल, झगा हा सगळा सरंजाम शब्दांत आहे आणि पुढच्या बँड्सनी तो जसाच्या तसा उचलला. मर्फीची चण, गालफडं आणि खर्जातला आवाज यांनी उरलेलं काम केलं. त्यांनी उचलला तो सरंजाम. मधली मोकळी जागा फार थोड्यांनी घेतली. म्हणूनच नंतरची कित्येक गॉथ गाणी धुक्याने भरलेली वाटतात आणि हे मूळ गाणं रिकाम्या खोलीसारखं.

बारा इंची तबकडीच का? सात इंचीवर बसलं नसतं?

नसतं. सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांवर चार ते पाच मिनिटं चांगली वाजते. त्यापुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी उतरवावी लागते. त्यात बास मोठा असेल तर खाच जास्त हेलकावते आणि जास्त रुंदी खाते. पातळी फार उतरवली तर शांत जागांमध्ये तबकडीची खरखर वर येते, आणि या गाण्यात शांत जागाच जास्त. गाणं दोन बाजूंवर तोडायचं, तर सलग गुंगीवर चालणाऱ्या गाण्याचा जीव जातो. बारा इंचीवर नऊ-साडेनऊ मिनिटं आरामात मावतात.

लांबीमुळेच इतर कंपन्यांनी ते नाकारलं. स्मॉल वंडर हे पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोचं रेकॉर्डचं दुकान आणि त्याच नावाची छोटी कंपनी. दुकान चालवणारे पीट स्टेनेट यांनी ते आहे तसं काढलं. बीबीसी रेडिओ १ वर जॉन पील यांनी ते वाजवलं आणि बोलबाला झाला. विक्रीच्या मुख्य तक्त्यात ते कधी आलं नाही, मात्र स्वतंत्र कंपन्यांच्या तक्त्यात दीर्घकाळ टिकून राहिलं.

दुसऱ्या बाजूला काय आहे?

'बॉइज' हे गाणं आणि 'डार्क एंट्रीज'च्या डेमोचा छोटा तुकडा. 'डार्क एंट्रीज' पुढे जानेवारी १९८० मध्ये अ‍ॅक्सिस (पुढे नाव ४एडी) कंपनीने स्वतंत्र सिंगल म्हणून काढलं. तबकडीवरचं 'बॉइज'चं रूप मात्र बेक स्टुडिओतल्या त्या सत्रातलं नाही. सत्रातलं मूळ ऐकायचं तर 'द बेला सेशन' घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये लीव्हिंग रेकॉर्ड्सने काढलेल्या या तबकडीवर त्या दिवसाची पाचही गाणी आहेत: 'बेला', 'सम फेसेस', 'बाइट माय हिप', 'हॅरी' आणि 'बॉइज'.

कोणती आवृत्ती ऐकावी?

आधी लांबी बघा. साडेनऊ मिनिटांच्या आसपास असेल तर स्टुडिओतलं मूळ असण्याची शक्यता मोठी. १९८२ च्या 'प्रेस द इजेक्ट अँड गिव्ह मी द टेप' या अल्बमवर मैफलीतलं रूप आहे. प्रेक्षकांचा आवाज, जास्त धारदार गिटार, वेगळा जोम. ते चांगलंच आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने त्यापासून सुरुवात करू नये, कारण मोकळ्या जागा तिथे सभागृहाच्या गुंजनाने भरून जातात. संकलनांवर आणि स्ट्रीमिंगवर लांबी वेगवेगळी सापडते, तेव्हा नावावर विसंबू नका.

१९८३ च्या टोनी स्कॉट दिग्दर्शित 'द हंगर' चित्रपटाच्या सुरुवातीला बँड पिंजऱ्यासारख्या जाळीमागे हेच गाणं वाजवताना दिसतो. कॅमेरा मर्फीवरच खिळलेला आहे. बघायला मजा येते, कानांना काही शिकायला मिळत नाही.

कसं ऐकावं? मोबाइलच्या स्पीकरवर काहीच कळत नाही.

कळणारच नाही. मोबाइलचा स्पीकर दीडशे-दोनशे हर्ट्‌झच्या खाली जवळपास काही देत नाही, आणि या गाण्याचा कणा तिथेच आहे. साधे वायरचे इअरफोन चालतील. इक्वलायझर, 'बास बूस्ट', 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा. सराउंड स्वतःचं खोटं गुंजन घालतं, मग बँडचा इको कुठला आणि फोनचा कुठला ते ओळखता येत नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधला 'क्रॉसफेड'ही बंद, नाहीतर सुरुवातीच्या बारीक टकटकीवर मागच्या गाण्याचं शेपूट येतं.

एकदा फक्त स्नेअर आणि काठीच्या आवाजाचा पाठलाग करा. प्रत्येक फटक्याच्या मागे किती प्रतिध्वनी येतात, त्यांतला कितवा विरतो, कुठे ते एकमेकांवर चढून घसरतात. मग पुन्हा लावून नुसता बास ऐका, तो किती कमी बदलतो हे पाहायला.

गिटारचा तो विचित्र, धड आनंदी नाही आणि धड दुःखी नाही असा सूर कसा येतो?

अर्धवट बार कॉर्डमधून (बार कॉर्ड म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड). वरच्या दोन तारा, म्हणजे सर्वांत बारीक ई आणि तिच्या शेजारची बी, मोकळ्या सोडायच्या आणि उरलेल्या तारांवर बोटांचा आकार धरायचा. तोच आकार मानेवर वर-खाली सरकवला की खालचे स्वर बदलतात, वरचे दोन तेच वाजत राहतात. काही जागी ते कॉर्डशी जुळतात, काही जागी अर्ध्या सुराने घासतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला यातली गंमत लवकर कळते, फक्त इथे षड्ज कुठला ते कोणी ठरवलेलं नाही.

करून बघताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पहिल्या बोटाचा खालचा भाग बी तारेला टेकतो आणि ती मुकी होते. बोट सपाट न ठेवता टोकाकडून धरा आणि मनगट थोडं पुढे काढा. दुसरी, ट्यूनिंग. मोकळी तार आणि वरच्या पडद्यावरचा स्वर यांत फरक असेल तर घासणं सुंदर न वाटता नुसतं बेसूर वाटतं. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल मागे, म्हणजे मानेपासून दूर न्या. उतरा असेल तर पुढे. तिसरी, जास्त डिस्टॉर्शन. त्याने हे सगळे स्वर एकत्र चिखल होतात. गेन इतकाच ठेवा की जोरात मारल्यावर आवाज थोडा फाटेल आणि हलक्या हाताने स्वच्छ येईल.

ठेका कोणता आहे?

बोसानोव्हाचा. ब्राझीलचा हलका, बैठकीतला ताल भयगीतात आणून बसवला आहे, आणि तरी तो खटकत नाही, कारण त्याची सगळी ऊब काढून टाकली आहे.

साधा बोसानोव्हा बसवायचा तर सोळा समान घरं धरा. काठी आडवी ठेवून स्नेअरच्या रिमवर (कडेवर) मारायचा फटका १, ४, ७, ११ आणि १४ या घरांवर. बासड्रम १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ वर. हायहॅट (झांजांची जोडी) सगळ्या घरांवर, हलक्या हाताने. हा पाठ्यपुस्तकातला नमुना. तो बसला की त्यातून फटके गाळत जा, म्हणजे इकोला उत्तर द्यायला जागा मिळेल.

असा इको घरी कसा करायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. आधी तत्त्व: इको वाद्यावर कायमचा लावून ठेवायचा नाही. तो बाजूला, वेगळ्या वाटेवर ठेवायचा आणि हव्या त्या फटक्यालाच तिकडे पाठवायचं.

मिक्सर आणि गिटारचा डिले पेडल (आवाज उशिरा परत देणारं इकोचं यंत्र) असेल तर असं जोडा:

१. स्नेअरचा माइक एका चॅनलवर घ्या. साधा डायनॅमिक माइक, रिमच्या वर तीन ते पाच सेंटिमीटर, तोंड मध्याकडे आणि पाठ हायहॅटकडे.

२. त्या चॅनलच्या ऑक्स सेंडमधून (आवाजाची प्रत बाहेर पाठवणारी वाट) केबल डिले पेडलच्या इनपुटला द्या. मिक्सरचा आवाज पेडलला झेपत नाही, म्हणून ऑक्सचा मुख्य नॉब बराच खाली ठेवा. पेडल फाटलेला आवाज देत असेल तर कारण बहुतेक हेच.

३. पेडलचा मिक्स पूर्ण 'वेट', म्हणजे नुसता इको, करा. मूळ आवाज आधीच चॅनलवर आहे. तो पेडलमधूनही आला तर दोन्ही मिळून पोकळ, डब्यातल्यासारखा आवाज येतो.

४. पेडलचं आउटपुट ऑक्स रिटर्नमध्ये न घालता मिक्सरच्या दुसऱ्या साध्या चॅनलवर आणा. मुद्दा इथेच आहे. चॅनलवर आणल्याने इकोला स्वतःचा फेडर, इक्वलायझर आणि स्वतःचा ऑक्स सेंड मिळतो.

५. त्या चॅनलवर खालचे २०० हर्ट्‌झपर्यंतचे आणि वरचे ३ किलोहर्ट्‌झच्या पुढचे आवाज कापा. मिक्सरवर एवढं बारीक नियंत्रण नसेल तर 'लो' आणि 'हाय' दोन्ही नॉब खाली.

६. आता स्नेअरचा ऑक्स सेंड शून्यावर ठेवून गाणं सुरू करा आणि हव्या त्या फटक्याच्या क्षणी नॉब उघडून लगेच मिटा. फटका वाजून गेल्यावर उघडलात तर इकोत नुसता हायहॅट जातो. हात फटक्याच्या किंचित आधी हलला पाहिजे.

इकोच्या चॅनलचा ऑक्स सेंड जरा उघडला की इको स्वतःलाच खाऊ लागतो आणि फुगत जातो. डबमधला तो गरगरणारा आवाज असाच निघतो. तो हाताबाहेर गेला तर काही सेकंदांत स्पीकर आणि कान दोन्ही धोक्यात. शेवटच्या आउटपुटवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं साधन) लावा, हेडफोन घालून हा प्रयोग करू नका आणि एक हात कायम त्या सेंडवर ठेवा.

कॉम्प्युटरवर केलं तर?

रचना तीच: डिलेसाठी वेगळा ट्रॅक, त्याकडे सेंड, आणि सेंडची हालचाल ऑटोमेशनने रेकॉर्ड करायची. ती माउसने रेषा ओढून काढू नका. मिडी कंट्रोलरचा एखादा नॉब जोडून गाण्यासोबत हाताने फिरवा. ओढलेल्या रेषा अचूक येतात आणि कंटाळवाण्या वाटतात. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा आवाज त्याच ट्रॅककडे परत फिरवायचा असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात फीडबॅक राउटिंगची परवानगी द्यावी लागते. एरवी ती बंद असते. त्या फंदात पडायचं नसेल तर प्लगइनचा स्वतःचा फीडबॅक नॉब पुरे.

आणखी एक अडचण: गाणं चालू असताना डिलेचा वेळ बदलला की टेप किंवा जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रात सूर घसरत जातो, तेच इथे हवं असतं. साध्या डिजिटल प्लगइनमध्ये मात्र टकटक आवाज येतो. प्लगइनमध्ये 'टेप' प्रकार असेल तर तो निवडा.

डिलेचा वेळ किती ठेवायचा?

६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ७५ च्या गतीला एक ठोका ८०० मिलिसेकंद, अर्धा ४००, पाऊण ६००. पाऊण ठोक्यापासून सुरुवात करा, कारण त्याचे प्रतिध्वनी मूळ फटक्यांच्या मधल्या जागांत पडतात आणि ठेका दुप्पट दाट वाटतो. मग आकडा मुद्दाम दहा-पंधरा मिलिसेकंदांनी चुकवून बघा. गणिताने तंतोतंत बसवलेला इको तालात विरघळून जातो, ऐकूच येत नाही. थोडा मागे पडणारा जाणवतो. फीडबॅक इतका ठेवा की चार-पाच आवर्तनांत आवाज विरेल.

बँडमध्ये वाजवताना सर्वांत जास्त काय बिघडतं?

गती. ७५ ला साडेनऊ मिनिटं म्हणजे सुमारे १७८ बार, आणि तेवढा वेळ एकच ओळ वाजवताना बासवाल्याला काहीतरी 'घालायची' खाज सुटते. ती सुटली की गाणं संपलं. गायक आत येतो तिथे आणि गिटार चढते तिथे सगळे पळायला लागतात. मेट्रोनोम प्रत्येक ठोक्याला न लावता दोन बारमागे एकदा वाजेल असा लावून सराव करा. पळताय की रेंगाळताय ते लगेच उघडं पडतं.

दुसरं, गिटारवाला मोकळी जागा सहन करू शकत नाही. एक नियम घालून घ्या: इको चालू असेपर्यंत नवा स्वर नाही.

गायकासाठी: पहिली तीन मिनिटं मंचावर उभं राहून काहीच न करणं हे खरं काम आहे. मर्फीने २००५ च्या कोचेला महोत्सवात हे गाणं उलटं लटकून गायलं. ते सोडा.

मूळ तबकडी विकत घ्यायची आहे. काय बघू?

पहिली आवृत्ती पांढऱ्या व्हिनाइलवर, ५,००० प्रती. कॅटलॉग क्रमांक टीनी २. त्यानंतर अनेक रंगांत आणि अनेक वेळा छापली गेली, त्यामुळे रंग हा पुरावा नाही. विक्रेत्याकडून लेबलच्या दोन्ही बाजूंचे आणि खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्टीचे फोटो मागवा. त्या पट्टीवर कोरलेले आकडे-अक्षरं डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या सूचीच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून बघा. तिरप्या उजेडात काढलेला फोटोच मागा, पांढऱ्या व्हिनाइलवर समोरच्या उजेडात ओरखडे दिसत नाहीत. या तबकडीत सुरुवातीची दोन-तीन मिनिटं फार शांत असल्याने चरचर तिथेच ऐकू येते, म्हणून शक्य असेल तर तेवढ्या भागाचं रेकॉर्डिंग मागा. 'व्हीजी' (व्हेरी गुड) दर्जापेक्षा खालची प्रत ऐकण्यासाठी घेण्यात अर्थ नाही, भिंतीवर लावायची असेल तर घ्या.

मुखपृष्ठावरचं चित्र ड्रॅक्युलाचं नाही. ते डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या १९२६ च्या 'द सॉरोज ऑफ सेटन' मधलं आहे, आणि मागच्या बाजूला १९२० च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' मधलं.

हे आवडलं तर पुढे काय ऐकू?

त्याच वर्षातलं आणि त्याच डबच्या ओढीने केलेलं ऐका. द पॉप ग्रुपचं 'शी इज बियाँड गुड अँड ईव्हल' आणि द स्लिट्सचा 'कट' अल्बम, दोन्हींचा निर्माता डेनिस बोव्हेल. पब्लिक इमेज लिमिटेडचं 'डेथ डिस्को', तेही बारा इंचीवर, आणि नंतर त्यांचा 'मेटल बॉक्स'. हे झालं की किंग टबीकडे जा. बाउहाउसचा पहिला अल्बम 'इन द फ्लॅट फील्ड' १९८० चा आहे. तो जास्त रागीट आणि भरगच्च आहे, 'बेला'सारखं काही त्यात शोधू नका.